युद्धनौकांच्या जुन्या छायाचित्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ऑनलाइन संग्रह: एका संग्राहिकेचे परीक्षण

‘मॉनिटर’ या चिलखती युद्धनौकेच्या सपाट डेकवर खलाशी ऐसपैस बसले आहेत, त्यांच्यातले दोघे चेकर्सच्या पटाशी रमले आहेत आणि डावीकडे त्यांची लोखंडी चूल उघड्यावरच मांडलेली आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, ९ जुलै १८६२ रोजी, व्हर्जिनियातील जेम्स नदीत जेम्स गिब्सन यांनी टिपलेले हे दृश्य मी अनेक वर्षे पुस्तकांत तळहाताएवढ्या आकारात पाहत आले होते आणि आपल्याला ते तोंडपाठ आहे अशी माझी समजूत होती. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरून त्याची सर्वांत मोठी फाइल उतरवून घेतली आणि पडद्यावर एकेक कोपरा मोठा करून न्याहाळला, तेव्हा ती समजूत किती पोकळ होती हे कळले. पुस्तकात जो एक काळपट जमाव दिसत होता, त्यातून एकेक माणूस वेगळा झाला. कपड्यांच्या चुण्या, हातांची ठेवण, कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारे डोळे आणि दुसरीकडे वळलेले डोळे, सगळे दिसू लागले. या छायाचित्रानंतर सहा महिन्यांच्या आत, ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे, ‘मॉनिटर’ केप हॅटरसजवळ वादळात बुडाली आणि तिच्यावरील १६ जण गेले. हे ठाऊक असताना ते चेहरे पाहणे सोपे जात नाही.

तेव्हापासून हा संग्रह माझ्या छंदाचे मुख्य साधन झाला आहे. एकोणिसाव्या शतकातील युद्धनौकांची आणि त्यांवरील माणसांची मूळ छायाचित्रे जमवणाऱ्याला तो कोणत्या कामी येतो आणि कोणत्या कामी येऊ शकत नाही, हे मला येथे सांगायचे आहे.

सेवेचे स्वरूप साधे आहे. ग्रंथालयाच्या मुद्रिते व छायाचित्रे विभागाचा कॅटलॉग सर्वांसाठी खुला आहे. सभासदत्व किंवा शुल्क नाही. बहुतेक जुन्या छायाचित्रांच्या नोंदीखाली लहान जेपीईजीपासून मोठ्या टिफपर्यंत निरनिराळ्या आकारांच्या फाइली असतात. संग्राहकाने सरळ टिफच उतरवून घ्यावी, कारण दोरखंडाचा पीळ, टोपीवरील पट्टीची अक्षरे किंवा तोफेच्या तोंडाजवळचा आकडा यांसारखे तपशील जेपीईजीच्या आकुंचनात सर्वांत आधी हरवतात. हक्कांच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘प्रसिद्धीवर कोणतेही ज्ञात निर्बंध नाहीत’ अशा अर्थाचे वाक्य असते. फाइल चांगली असताना मला छापील प्रतीची गरज कधी भासलेली नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या अफाट साठ्यातले तीन संच महत्त्वाचे आहेत. पहिला यादवी युद्धाच्या काचेच्या निगेटिव्हांचा. सुमारे ७,००० वेगवेगळी दृश्ये आणि व्यक्तिचित्रे असलेला हा संच ग्रंथालयाने १९४३ मध्ये विकत घेतला. दुसरा डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीचा. यात २५,००० हून अधिक काचेच्या निगेटिव्ह व पारदर्शिका आहेत आणि १८९० च्या दशकातील अमेरिकी नौदलाचे इतके जिवंत चित्रण मी दुसरीकडे पाहिलेले नाही. तिसरा, २०१० पासून ग्रंथालयाला मिळू लागलेला लिलजेनक्विस्ट कुटुंबाचा संग्रह. त्यात यादवी युद्धातील साध्या सैनिकांची आणि खलाशांची टिनटाइप (पातळ लोखंडी पत्र्यावरची) व अँब्रोटाइप (काचेवरची) व्यक्तिचित्रे आहेत, पुष्कळशी आपल्या मूळ पेट्यांत जपलेली. क्रिमियन युद्धाच्या वेळी १८५५ मध्ये रॉजर फेंटन यांनी काढलेल्या छायाचित्रांच्या २६३ प्रतीही ग्रंथालयाकडे आहेत आणि बालाक्लावाच्या अरुंद बंदरात दाटीवाटीने उभ्या असलेल्या गलबतांची दृश्ये त्यांत आहेत. मात्र खलाशांचे जीवन पाहायचे असेल तर पहिल्या तीन संचांकडेच यावे लागते.

त्यातही डेट्रॉइटच्या संचावर मी सर्वाधिक वेळ घालवला आहे. एडवर्ड हार्ट यांनी ‘मेन’, ‘ब्रुकलिन’, ‘न्यूयॉर्क’, ‘ऑलिंपिया’, ‘ओरेगन’ अशा नौकांवर जाऊन काढलेली छायाचित्रे त्यात आहेत, आणि हार्ट केवळ दूरच्या बोटीतून नौकेची बाह्याकृती टिपून थांबले नाहीत. तोफेभोवती उभे असलेले दल, स्वयंपाकाची भांडी घेऊन बसलेले आचारी, अधिकाऱ्यांचे जेवणघर, डेकवर रांगेत उभी असलेली सगळी माणसे, असे नौकेच्या पोटातले जग त्यांनी आठ बाय दहा इंचांच्या काचांवर उतरवले. एवढ्या मोठ्या काचेवरून केलेल्या स्कॅनमध्ये माहितीचा साठा इतका असतो की माझ्याकडील मूळ कॅबिनेट कार्डावर (जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छायाचित्रावर) भिंग लावूनही जे दिसत नाही ते येथे डोळ्यांसमोर उभे राहते. बऱ्याच काचांच्या तळाशी नौकेचे नाव, क्रमांक आणि छायाचित्रकाराचा हक्क पांढऱ्या अक्षरांत आहे. आपल्या हातातील प्रतीचा तळ कुणी कापला असेल, तर तिची ओळख येथे पटू शकते.

संग्राहकाची नजर तयार होण्यासाठी या फाइलींचा जो उपयोग होतो, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. एक उदाहरण सविस्तर देते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये जाहीर केलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत, म्हणजे चिकट रासायनिक लेप ओला असतानाच वापरायची, काच फक्त निळ्या आणि त्यापलीकडच्या अतिनील प्रकाशाला दाद देते. तांबडा आणि पिवळा तिच्या लेखी जवळजवळ काळोखच. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे येते, खलाशाच्या गणवेशाचा निळा रंग प्रत्यक्षापेक्षा फिका दिसतो, निळ्या डोळ्यांची माणसे दगडी डोळ्यांची वाटतात, आणि ध्वजातील तांबडे पट्टे काळे पडतात. १८८० च्या दशकात कोरड्या काचा सर्वत्र झाल्या तरी ही सवय एकदम सुटली नाही. अमेरिकेच्या नव्या नौदलातील नौकांचा सांगाडा पांढरा आणि धुराडी व वरची बांधणी पिवळसर बदामी असे, पण छायाचित्रात ती धुराडी इतकी गडद येतात की नवखा माणूस त्यांना काळी समजतो. ब्रिटिश नौकांचा सांगाडा काळा, वरचा भाग पांढरा आणि धुराडी बदामी होती, तेथेही तोच घोटाळा होतो. एकाच नौकेची वेगवेगळ्या काचांवरची पाच-सहा छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली की रंग आणि छटा यांतला हा फरक डोळ्यांत मुरतो, आणि विक्रेत्याने ‘काळ्या धुराड्यांची दुर्मिळ रंगसंगती’ म्हणून पुढे केलेले कार्ड पाहून आपण फसत नाही.

लिलजेनक्विस्ट संग्रहातील टिनटाइप असाच एक धडा देतात. टिनटाइप आणि अँब्रोटाइप या पद्धतींत कॅमेऱ्यातली पट्टी हीच अंतिम वस्तू असते, मध्ये निगेटिव्ह नसते, म्हणून चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. अधिकाऱ्याची तलवार उजव्या बाजूला लटकते, कोटाची बटणे विरुद्ध बाजूला जातात, बाहीवरचे चिन्ह दुसऱ्याच हातावर दिसते. हे लक्षात न घेता हुद्दा ठरवणाऱ्यांच्या चुका मी पाहिल्या आहेत आणि सुरुवातीला स्वतःही केल्या आहेत. या संग्रहातले बटणांवरचे सोनेरी ठिपके आणि गालांवरची गुलाबी छटा रंगीत स्कॅनमध्ये जशीच्या तशी दिसते. एखाद्या अनाम खलाशाने युद्धावर जाण्याआधी घरच्यांसाठी काढून घेतलेले ते लहानसे चित्र इतक्या आदराने हाताळलेले पाहून फार बरे वाटते.

कॅटलॉगमधील तारखांविषयी मात्र सावध राहावे. डेट्रॉइटच्या संचात असंख्य नौकांच्या नोंदीपुढे ‘१८९० ते १९०१ च्या दरम्यान’ अशी एकच मोघम मुदत आहे. हजारो काचांची नोंद करणाऱ्या ग्रंथालयाने खात्री नसलेली तारीख देण्याऐवजी मुदत द्यावी हे योग्यच आहे. ती मुदत अरुंद करणे हे आपले काम आहे, आणि मला त्यात खरा आनंद मिळतो. ‘मेन’ १७ सप्टेंबर १८९५ रोजी सेवेत दाखल झाली आणि १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात स्फोट होऊन नष्ट झाली. तेव्हा तिच्या डेकवर खलाशी असलेले कोणतेही छायाचित्र त्या अडीच वर्षांतलेच असणार. १८९८ च्या वसंतात स्पेनशी युद्ध जवळ आले तेव्हा अमेरिकी नौकांना राखाडी रंग देण्यात आला, पण ‘मेन’ तोवर राहिलीच नव्हती. म्हणून राखाडी सांगाड्याच्या नौकेखाली कुणी ‘मेन’ असे लिहिले असेल, तर नाव चुकले आहे असे बेलाशक म्हणावे. युद्ध संपल्यावर नौका पुन्हा पांढऱ्या झाल्या, त्यामुळे पांढरा रंग एकटा पुरावा होत नाही; तेथे डोलकाठ्या, तोफांची मांडणी आणि नाळेवरची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरची, नक्षी पाहावी लागते.

यादवी युद्धाच्या निगेटिव्हांची शीर्षके पुष्कळदा जुन्या पाकिटांवरून आणि प्रकाशकांच्या याद्यांवरून आलेली आहेत. म्हणून शीर्षकाला पुरावा मानू नये, धागा मानावा.

शोध घेताना एक गोष्ट लक्षात ठेवली की त्रास वाचतो. नौदलात नावे पुनःपुन्हा दिली जातात. ‘ब्रुकलिन’ असे शोधले की १८५८ मध्ये जलावतरण झालेली लाकडी वाफेची नौकाही पुढे येते आणि १८९५ मध्ये जलावतरण झालेली पोलादी क्रूझरही; ‘मॉनिटर’ हे तर एका नौकेचे नाव आणि त्यानंतर तिच्या धर्तीवर बांधलेल्या, तोफांचा फिरता बुरूज असलेल्या नौकांच्या प्रकाराचेही नाव आहे. अशा वेळी संच निवडून किंवा छायाचित्रकाराच्या नावावरून शोधलेले बरे. नोंदीतला ‘माध्यम’ हा रकाना कधीही वगळू नये. ‘काचेची निगेटिव्ह, स्टिरिओग्राफ, ओले कोलोडियन’ एवढ्या मोजक्या शब्दांत समोरची वस्तू मुळात काय आहे हे कळते.

स्टिरिओ निगेटिव्हांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण ‘मॉनिटर’ची छायाचित्रे त्याच प्रकारची आहेत. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच क्षणी घेतलेल्या दोन प्रतिमा शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून पाहिल्या की दृश्याला खोली येते. न कापलेल्या काचेवर डावे चित्र उजवीकडे आणि उजवे डावीकडे आलेले असते, म्हणून स्वतः कार्ड तयार करताना दोन्ही भागांची अदलाबदल करावी लागते. ती विसरली तर बुरूज मागे जाण्याऐवजी अंगावर येतो आणि माणसे भोकात बसल्यासारखी वाटतात. अदलाबदल करून छापलेले कार्ड हातातल्या स्टिरिओस्कोपला लावले आणि त्या बुरुजावर ९ मार्च १८६२ च्या हॅम्प्टन रोड्सच्या लढाईत उमटलेले गोळ्यांचे पोचे खोलगट दिसले, तेव्हा मी बराच वेळ काही न बोलता बसून राहिले.

आता जेथे हा संग्रह आपल्याला एकटे सोडतो त्या ठिकाणी येते. त्यासाठी माझ्याच एका खरेदीची हकिकत सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने ‘मॉनिटर’च्या डेकचे स्टिरिओ कार्ड ‘युद्धकाळातील मूळ प्रत’ म्हणून विकायला ठेवले होते. त्याने दिलेल्या चित्रात फक्त दोन प्रतिमा दिसत होत्या. कडेचा पुठ्ठा आणि मागची बाजू दाखवली नव्हती. मी ग्रंथालयाची फाइल उघडून रेघ न् रेघ ताडून पाहिली. सावल्या जुळल्या, काचेवरचा एक ओरखडाही जुळला. फोटोवरून पुन्हा काढलेल्या फोटोत जी मऊ, धुरकट कडा येते ती कोठेही नव्हती. माझी खात्री पटली आणि मी पैसे भरले. पाकीट उघडले तेव्हा भडक नारिंगी पुठ्ठा समोर आला आणि त्यावर हार्टफर्डच्या टेलर अँड हंटिंग्टन या प्रकाशकांचे नाव. युद्ध संपल्यावर दोन-तीन दशकांनी या प्रकाशकांनी त्याच मूळ काचांवरून प्रती काढून विकल्या होत्या. ग्रंथालयाने १९४३ मध्ये घेतलेल्या संचाच्या लांबलचक नावात अँथनी या प्रकाशकांबरोबर ज्या टेलर यांचे नाव आहे, ते या प्रकाशनसंस्थेचेच. म्हणजे मी ज्या फाइलशी कार्ड ताडून पाहिले ती फाइल आणि ते कार्ड एकाच काचेची लेकरे होती, आणि त्यांचे जुळणे अटळ होते. प्रतिमा १८६२ ची, कागद मात्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी छापलेला.

निगेटिव्हच्या स्कॅनवरून प्रतीचे वय ठरवता येत नाही, हे यातून मी शिकले. प्रतीचे वय पुठ्ठ्यावर आणि पाठीवर लिहिलेले असते. १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या छायाचित्रांवर कर होता आणि त्याचे तिकीट मागे चिकटवून रद्द करावे लागे. पंचवीस सेंटपर्यंतच्या किमतीला दोन सेंटांचे तिकीट, पन्नासपर्यंत तीन सेंटांचे, एक डॉलरपर्यंत पाच सेंटांचे. असे तिकीट असेल तर ती प्रत त्या दोन वर्षांत विकली गेली असे धरता येते. त्याखेरीज पुठ्ठ्याची जाडी, कोपरे चौकोनी की गोल, कार्ड सपाट की १८८० च्या सुमारास रूढ झालेल्या पद्धतीचे किंचित वाकवलेले, प्रकाशकाचा पत्ता कोणता, मागे कुणी शाईने काय लिहिले आहे, हे सगळे प्रत्यक्ष वस्तूवरच वाचावे लागते. काचेच्या निगेटिव्हला अशी पाठ नसते, त्यामुळे या विभागात ती दिसण्याची अपेक्षाच करता येत नाही. कागदी प्रतींच्या बाबतीतही पुष्कळ ठिकाणी पुढचीच बाजू पाहायला मिळते. मागील बाजूचे स्कॅन सरसकट उपलब्ध झाले तर आमच्यासारख्यांना त्याचा फार मोठा उपयोग होईल.

दुसरी मर्यादा विषयाची आहे. हा अमेरिकेचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्याचा झुकाव तसाच आहे. एप्रिल १८९३ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या आंतरराष्ट्रीय नौदल संचलनासाठी आलेल्या परदेशी क्रूझरांची छायाचित्रे येथे आहेत, ती जरूर पाहावीत. पण ज्याला ‘वॉरियर’, ‘डेव्हास्टेशन’, ‘इन्फ्लेक्झिबल’ किंवा १८९३ मध्ये ‘कँपरडाउन’च्या धडकेने बुडालेली ‘व्हिक्टोरिया’ यांसारख्या ब्रिटिश नौकांचा आणि त्यांवरील लोकांचा ध्यास आहे, त्याने ग्रिनिच येथील नॅशनल मेरीटाइम म्युझियमकडे वळावे.

फाइली इतक्या उत्तम आणि मोफत असल्याचा एक दुष्परिणामही होतो, त्यात ग्रंथालयाचा दोष नाही. याच स्कॅनवरून छापलेल्या, चहाच्या रंगाने जुनाट केलेल्या आणि जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या प्रती बाजारात येतात. त्या ओळखण्यासाठी दहापट भिंग आणि अतिनील दिवा पुरतो. खऱ्या अल्ब्युमिन प्रतीचा (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या, त्या काळच्या नेहमीच्या छायाचित्र-प्रतीचा) कागद अतिशय पातळ असतो. भिंगाखाली त्याचे तंतू प्रतिमेतून दिसतात, पृष्ठभागावर बारीक तडे असतात आणि पांढरे भाग पिवळसर झालेले असतात. छापखान्यातील प्रतीत ठिपक्यांची जाळी दिसते, शाईच्या प्रिंटरच्या प्रतीत विखुरलेले रंगीत कण. साधारण १९५० नंतरच्या कागदांत पांढरेपणा वाढवणारी जी द्रव्ये वापरली जाऊ लागली, त्यांच्यामुळे असा कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. एकोणिसाव्या शतकातील कागद तसा चमकणार नाही.

माझी आताची पद्धत अशी आहे. कोणतेही कार्ड घेण्याआधी ग्रंथालयात त्याची निगेटिव्ह शोधते, टिफ उतरवून घेते आणि विक्रेत्याकडे पाठीचे व चारही कडांचे चित्र मागते. ते न मिळाल्यास खरेदीचा विचार सोडून देते. कार्ड घरी आल्यावर पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवते, आणि ग्रंथालयाच्या नोंदीतील पुनर्मुद्रण क्रमांक आम्लरहित कागदाच्या वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून पाकिटाच्या बाहेर जोडते, म्हणजे उत्तम प्रतिमा आणि मूळ वस्तू यांची गाठ कायम राहते. कार्डावर स्वतः काहीही लिहीत नाही.

नारिंगी पुठ्ठ्याचे ते कार्ड मी परत केले नाही. त्याच्या चिठ्ठीवर लिहिले आहे: काच जेम्स गिब्सन यांची, ९ जुलै १८६२, जेम्स नदी, प्रत हार्टफर्डची, युद्धानंतरची, पाठीवर कराचे तिकीट नाही.